उलट्या होडीतले ठोके

१

गुरुवार होता. आठवीच्या मुलांनी वहीत नकाशे काढले होते आणि मी ते तपासत होतो. आमच्या सुलावेसी बेटाचा पश्चिम किनारा मुलं नेहमी सरळ ओढतात, जणू पट्टीने आखलाय. मी तांबड्या पेनने त्यात आमची लहान आखातं भरत होतो. बाहेर शिपाई व्हरांड्यातलं पाणी झाडूने लोटत होता. डबा उघडून ठेवला होता, त्यात कसाव्याची भाकरी आणि कैरी घातलेलं माशाचं कालवण. माशी बसू नये म्हणून मी त्यावर एक वही उपडी घातली होती.

फोन वाजला. गावाकडून पुआ सांगा. हा म्हातारा होड्या बांधतो आणि फोनवर ओरडूनच बोलतो.

"काचो, होडी सापडली."

काचो म्हणजे आमच्याकडे कुठलाही पोरगा. मला एकोणपन्नासावं चालू होतं.

"आणि दादा?"

"होडी सापडली," तो परत म्हणाला. थोडं थांबून या वेळी न ओरडता म्हणाला, "ये तू."

माझा मोठा भाऊ हारूना अकरा दिवसांपूर्वी उडणारे पाखरूमासे धरायला एकटा गेला होता. तिसऱ्या दिवशी परतायचा होता. तेव्हा बातमी अगदी अनपेक्षित होती असं नाही. तरी मी उरलेल्या चार वह्या तपासल्या, त्यांवर सह्या केल्या, आणि मगच उठलो. तसं का केलं, हे मला अजून सांगता येत नाही.

२

एका मोटरबोटीने होडी ओढून आणली होती. डोलकाठी मोडलेली, एका बाजूची उलांडी, म्हणजे तोल धरणारा ओंडका, गेलेली, डाव्या अंगाच्या तीन फळ्या फुटलेल्या. भर समुद्रात उपडी तरंगत होती म्हणाले. आत कोणी नव्हतं. पाण्याचा डबा मात्र दोरीने बांधलेला तसाच होता.

आमचं घर खांबांवर आहे, आणि घराखालची जागा होडीची. ती तिथे आणून ठेवली, तेव्हा हदारावहिनी जिन्याच्या खालच्या पायरीवर बसून होती. रडत नव्हती. होडीच्या जखमा मोजत होती.

दोन महिने गेले. देह मिळाला नसला तरी गेलेल्यासाठीची नमाज पढता येते, असं इमामसाहेबांनी घरी येऊन समजावलं. वहिनीने त्यांना चहा दिला, केळी तळून दिली, आणि म्हणाली, "होडी मोडून घरात पडलीय. असं असताना माणूस गेला कसं म्हणू? ती नीट होऊ दे. बुड शेकून, चुना लावून पाण्यात जाऊ दे. मग पढा नमाज."

"कोण करणार दुरुस्ती?" इमामसाहेब म्हणाले.

तिने माझ्याकडे पाहिलं.

"मास्तर?" पुआ सांगा कोपऱ्यातून हसला. "खडू धरणारे हात ते. मी करून देतो, फुकट."

"नको," वहिनी म्हणाली. "या होडीला बाहेरचा हात लागलेला नाही."

"ठाऊक आहे. तुमच्या घराण्याच्या भरवशावर राहिलो असतो तर मी कधीच उपाशी मेलो असतो."

वहिनी जरा हसली. दोन महिन्यांत पहिल्यांदाच. पण जेवायला बसलो तेव्हा तिने तीन थाळ्या मांडल्या, आणि तिसरीत भात वाढून वर झाकण ठेवलं. रोजच ठेवत होती. ती थाळी बंद व्हायला हवी, एवढंच माझ्या मनात होतं. शाळेला दीड महिन्याची सुट्टी लागली आणि मी दादाची अवजारं बाहेर काढली.

३

पश्चिमेचा वारा सुरू झाला की समुद्र बंद होतो, आणि आमच्या किनाऱ्यावर सगळीकडून होड्या ठोकणाऱ्या लाकडी मोगऱ्यांचा आवाज येऊ लागतो. माझं सगळं लहानपण त्या आवाजात गेलं.

होडीच्या वरच्या फळ्या काढायच्या, ती दोन ओंडक्यांवर उपडी घालायची, आणि सांधे उकरायचे. त्यांत भरलेली झाडाची कुजलेली साल काढून नवी साल दाबायची. फळ्या जोडायच्या त्या लाकडी खुंट्यांनी, लोखंडाने नाही. गिरमिटाने भोक पाडायचं, खुंटी बसवायची, मोगरीने ठोकायची. खुंटी पलीकडे बरोब्बर निघाली पाहिजे. कमी निघाली तर सांधा ढिला राहतो, जास्त ठोकली तर फळी चिरते. बाहेरच्याला ते दिसत नाही. म्हणून आत एक जण लागतो.

आमच्या होडीची रुंदी दीड खांद्याएवढी. आत मोठं माणूस मावत नाही. दादा बाहेर ठोकायचा आणि मी आत. माझ्या सातव्या वर्षापासून तेराव्यापर्यंत.

आत पाठीवर पडून राहायचं. ओल्या लाकडाचा वास, जुन्या माशाचा वास, आणि रिकाम्या भोकांतून आलेल्या उन्हाच्या बारीक काड्या. हातात लाकडाचा ठोकळा. बाहेरून मोगरी पडली की आतून एक ठोका द्यायचा, म्हणजे अजून मार. खुंटीचं टोक बोटभर आलं की दोन ठोके, म्हणजे थांब. मग पटाशीने ते टोक छाटायचं. मी डावखुरा. तेवढ्या जागेत मला कूस वळवल्याशिवाय ठोकता यायचं नाही, म्हणून माझं उत्तर नेहमी जरा उशिरा जायचं. दादा चिडायचा. "झोपलास का रे?" त्याचा आवाज लाकडातून यायचा, जाड होऊन, होडीच बोलतेय असा.

नवीन भोक पडलं की मी त्यातून बोट बाहेर काढायचो आणि कडेवरून गोल फिरवून कुसळ आहे का पाहायचो. दादा खुंटीच्या टोकाने बोटाला टोचायचा. म्हणजे मागे घे.

शेवटी बुडाला आग दाखवायची. सुक्या झावळ्या पेटवून लाकूड शेकायचं, म्हणजे आतला किडा मरतो. त्याआधी एक नियम होता. मोगरीचे तीन ठोके द्यायचे आणि एक फातिहा, कुराणातली ती पहिली छोटी प्रार्थना, म्हणून होईल एवढा वेळ थांबायचं. आत कोणी आहे का, असा तो प्रश्न. काही आवाज आला नाही तर पेटवायचं. आत झोपी गेलेल्या कुठल्याशा पोराची गोष्ट प्रत्येक गाव दुसऱ्या गावाची म्हणून सांगतं.

तेराव्या वर्षी माझे खांदे अडकायला लागले. मग मी शिकायला शहरात गेलो. त्यानंतर दादा एकटाच दुरुस्ती करायचा, अंदाजाने ठोकायचा, आणि होडी सरळ केल्यावर आतली टोकं छाटायचा. एकदा म्हणाला होता, "तू गेल्यापासून ही होडी थोडी गळतेच."

४

फुटलेल्या फळ्या काढून नव्या तासायला मला तीन आठवडे लागले. हात फुटले. वहिनी वर घरात मागावर बसायची. तिच्या मागाचा ठोका जमिनीच्या फळ्यांतून खाली यायचा, संथ आणि एका लयीत. त्याची सोबत होती.

एका सकाळी मी पहिली खुंटी भोकात धरली. प्रत्येक खुंटीवर खूण करून ठेवली होती, तिथपर्यंत ठोकायची. एक मारली.

आतून एक ठोका आला.

मी दुसरी मारली. परत एक ठोका. तिसरी मारली. आतून दोन.

मी थांबलो. आधी हात थांबला, मग मी. खूण पाहिली. खुंटी खुणेपर्यंत आली होती.

"वहिनी," मी वर तोंड करून म्हटलं, "माग चालू आहे का?"

"चालू आहे. त्रास होतोय?"

"नाही. जरा थांबव ना."

"मास्तरांना शांतता लागते," ती स्वतःशीच म्हणाली, पण मोठ्याने. माग थांबला.

दुसरी खुंटी घेतली. मारली. एक ठोका आला.

मी वर्गात मुलांना विज्ञानही शिकवतो. पोकळ लाकूड आवाज परत देतं, हे मला माहीत आहे. पण परत येणारा आवाज लगेच येतो. हा उशिरा येत होता, आणि येण्याआधी आत काहीतरी घसरत होतं. लाकडावर पाठ घासावी तसं. कूस बदलल्यासारखं.

मी खाली वाकून पाहिलं. होडीची कड जमिनीपासून वीतभर वर होती. आत अंधार, आणि अंधारात भोकांमधून आलेल्या उन्हाच्या काड्या. त्यातल्या मधल्या दोन-तीन काड्या जमिनीपर्यंत पोचत नव्हत्या. डोळे अंधाराला सरावले नसतील.

त्या दिवशी मी नऊ खुंट्या ठोकल्या. खुणांकडे पाहिलं नाही. लपवत नाही, मला बरं वाटत होतं. इतकं नेमकं काम मी आयुष्यात केलं नव्हतं.

५

पुआ सांगा बघायला आला. होडीभोवती एक फेरी मारली, सांध्यांवरून अंगठा फिरवला.

"कोणी शिकवलं?"

"दादाने."

"दादाने ठोकायला कधी दिलं तुला? तू तर आत असायचास." तो उकिडवा बसला आणि कडेखालून हात आत घातला, खांद्यापर्यंत. चाचपत राहिला. त्याच्या चेहऱ्यावरचं हसू हळूहळू गेलं.

"टोकं कोणी छाटली?"

"कुठली?"

"आतली. गुळगुळीत आहेत सगळी. होडी उपडी असताना ती बाहेरून छाटता येत नाहीत." त्याने माझ्या पोटाकडे पाहिलं. "आणि तू काही आत मावणार नाहीस."

त्याने हात बाहेर काढला. मुठीत लाकडाच्या ढलप्या होत्या. त्याने त्या उजेडात धरल्या, एक उलटीपालटी केली.

"ओल्या आहेत," मी म्हटलं.

"कोवळं लाकूड ओलंच असतं." त्याने ती चाटली. मग थुंकला. काय चव लागली ते बोलला नाही. "हा पीळ बघ. पटाशी उजवीकडून डावीकडे फिरलेली नाही. डावऱ्याचं काम आहे. तू डावराच ना?"

"हो."

"मग झालं!" त्याला एकदम सुटल्यासारखं वाटलं. "तूच केलंस. कड उचलून, हात घालून कसंतरी केलंस, आणि विसरलास. माणूस गेल्यावर असं होतं. माझी बायको गेली तेव्हा मी एक अख्खं सुकाणू घडवलं होतं. मला आजही आठवत नाही."

मी मान हलवली. तो उठला. जाताना होडीला वळसा घालून, घराच्या बाहेरून गेला.

६

एकच भोक उरलं होतं. डाव्या अंगाला, पुढच्या टोकाजवळ.

दुपारचं जेवण झालं होतं. वहिनी वर झोपली होती, माग बंद होता. समोरच्या घरी कुणीतरी खोबरं किसत होतं. ऊन इतकं होतं की घराखालची सावलीसुद्धा पांढरी वाटत होती. मी गिरमिट फिरवलं, भुसा फुंकला, आणि खुंटी घ्यायला वळलो.

परत पाहिलं तेव्हा भोकातून बोट बाहेर आलं होतं.

पहिल्या पेरापर्यंतच. टोक पांढरं, सुरकुतलेलं, फार वेळ पाण्यात असलेल्या बोटासारखं. नख वाढलेलं नव्हतं. मुलाचं होतं की मोठ्या माणसाचं, मी सांगू शकत नाही. मी ते पुष्कळदा आठवून पाहिलं आहे. ते भोकाच्या कडेवरून गोल फिरलं, सावकाश, एकदाच. मग मधे येऊन थांबलं. वाट पाहत होतं.

मी ओरडलो नाही, पळालो नाही. हातात खुंटी होती. मी तिचं टोक त्या बोटाला हळूच टोचलं.

बोट मागे गेलं.

मग मी खुंटी भोकात धरली आणि ठोकली. चार मारल्या. आतून तीन वेळा एकेक ठोका आला, आणि शेवटी दोन. मी मोगरी खाली ठेवली आणि बराच वेळ तिथेच बसलो. वाकून आत पाहायचं होतं. होडीची कड माझ्या गुडघ्यापासून हातभर अंतरावर होती.

वरून वहिनी म्हणाली, "संपलं का काचो?"

"संपलं."

"मग शुक्रवारी करूया," ती म्हणाली. तिच्या आवाजात झोप नव्हती. "इमामसाहेबांना सांगून ये. बुड सकाळी शेकू, नमाज दुपारी."

७

घराखाली आग लावता येत नाही. शुक्रवारी सकाळी आठ जणांनी होडी उचलून वाळूवर न्यायची ठरली. उपडीच, आहे तशी.

"अरे, ही काय धोंड्याची केलीस का मास्तर?" बासो म्हणाला. तो दादाबरोबर वाढलेला. "मागच्या वर्षी आम्ही सहा जणांनी नेली होती."

"नवीन लाकूड आहे," पुआ सांगा म्हणाला. तो स्वतः हात लावत नव्हता.

"नवीन लाकूड तीन फळ्यांचं. ही तर आत कोणी बसल्यासारखी—" बासोचं लक्ष जिन्यावर उभ्या वहिनीकडे गेलं आणि तो होडीला हात घालायला वाकला.

त्यांनी उचलली, आणि मी मागे थांबलो. खाली काही नव्हतं. भुसा होता, ढलप्या होत्या. आणि घराखालच्या मऊ मातीत एक लांबट खोलगट जागा होती, कुशीवर निजलेल्याची असावी तशी. गुडघे पोटाशी घेतलेल्याची. मी ती पायाने सारखी केली आणि त्यांच्यामागे गेलो.

माणसं अंघोळी करायला घरी गेली. दुपारी सगळे मशिदीत जमणार होते, दादाच्या नावाने. वाळूवर मी, वहिनी आणि होडी. वहिनीने झावळ्यांचा भारा आणला होता. चांगल्या कडकडीत, हातात धरल्या की कुरकुरत होत्या. तिने नवं लुगडं गुंडाळलं होतं, स्वतः विणलेलं. घरी आज दोनच थाळ्या मांडल्या होत्या. मी ते निघताना पाहिलं होतं.

"विचार," ती म्हणाली.

मी मोगरी घेतली आणि बुडावर तीन ठोके दिले. मनात फातिहा म्हणायला लागलो. समुद्र शांत होता. अर्ध्यावर आलो असेन.

आतून तीन ठोके आले.

असं उत्तर नसतं. आत असलेल्याने एक ठोका द्यायचा, म्हणजे आहे. तीन म्हणजे उत्तर नव्हे. तीन म्हणजे प्रश्न. आम्ही विचारलं होतं तेच, आतून, आम्हाला.

मी वहिनीकडे पाहिलं नाही. ती पुढे आली आणि माझ्या हातातली मोगरी काढून घेतली. लग्न होऊन आल्यापासून तिने होडीची मोगरी धरलेली मी पाहिली नव्हती. तिने दोन्ही हातांनी धरून तीन ठोके दिले, आणि मग डावा तळवा लाकडावर सपाट ठेवला.

आम्ही थांबलो. एक फातिहा होऊन गेली असेल, दुसरीही.

आधी ते घसरणं ऐकू आलं. मग ठोका. एकच.

वहिनीचा चेहरा हलला नाही. तळवा तिथेच होता.

"कोणी नाही," ती म्हणाली.

"वहिनी—"

"कोणी नाही, काचो. मी ऐकलं ना."

"मग लावू?"

तळव्याखालचं लाकूड ती हलकेच चोळत होती, तापलेल्या पोराची पाठ चोळावी तशी.

"झावळ्या ओल्या आहेत," ती म्हणाली. मग तिने तो कडकडीत सुका भारा उचलला, डोक्यावर घेतला, आणि घराकडे निघाली. थोडं गेल्यावर न वळताच म्हणाली, "इमामसाहेबांना सांग, आज नको. आणि कड जरा उंच कर रे. आत वारा लागत नसेल."

मी सांगून आलो. मशिदीच्या पायरीवर बासो बसला होता, पांढरी टोपी घालून. त्याने कारण विचारलं नाही, आणि पुआ सांगाने माझ्याकडे पाहिलंही नाही.

आता पाच महिने होतील. शाळा चालू आहे. शनिवारी मी गावी जातो. पूर्वेचा वारा केव्हाच सुरू झाला, बाकीच्यांच्या होड्या माशांमागे गेल्या. आमची वाळूवर उपडी आहे. कडेखाली मी आणखी दोन ओंडके सरकवले आहेत. घरी जेवायला बसलो की थाळ्या तीन असतात.

बुडाला आग दाखवायची राहिली आहे. दादाच्या नावाची नमाजही अजून झालेली नाही.